जुनी चीर

पाणी दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला लागलं
आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून उतरलं.
सराफ बाजारात मागं राहिला गाळ.
आमच्या लेखी गाळ,
कौतिकाबाईच्या लेखी पीक.

दहीपुलापाशी गटारीच्या कडेला ती बसते,
ब्रशानं फटी झाडते, घमेलं फिरवते,
ओतते, हलवते, पुन्हा ओतते.
हलकं असतं ते वाहून जातं,
जड असतं ते बुडाशी राहतं,
एवढंच तिचं शास्त्र.
कधी गुंजभर कणी,
कधी मोती गळालेली नथीची तार,
पुष्कळदा नुसते खिळे.

परवा माझ्या काउंटरवर तिनं पदराची गाठ सोडली.
"टंच काढ. आन देवाचा टाक असंल तर आधी सांग,
मोडायचा नाही मंग."

टाक नव्हता.
धुतल्यावर एक माणूस निघाला, मानेपासून वरचा,
डोक्याला पानं बांधलेला,
नाक असं, की तराजूची दांडी त्यावर तोलावी.
भोवती अक्षरं, अर्धी झिजलेली,
उरलेली मला न येणारी.
वजन तीन ग्रॅम सातशे नव्वद मिली.
पोरानं मोबाईल धरला आणि म्हणाला,
रोमचा बादशहा, दोन हजार वर्षांचा,
गलबतातून आला असेल, मग घाट चढून.
नावही सांगितलं.
ते माझ्या जिभेवर बसलं नाही.

मी बघत होतो ते वेगळंच.
गालावरून कानापर्यंत एक चीर,
सरळ, एका घावाची.
रागाची नव्हे. राग वाकडा जातो.
ही कामाची चीर.
कुणाला तरी बघायचं होतं, आत तांबं आहे का.
कुणीतरी, इथलाच असेल, याच नदीचं पाणी प्यालेला,
बादशहाच्या तोंडाकडे बघून म्हणाला असेल:
असशील बाबा मोठा,
पण आतून काय आहेस?

मी रोज हेच विचारतो. फक्त मोठ्यानं नाही.

आजोबा जोगलटेंभीच्या हंड्याचं सांगायचे.
हजारो नाणी, आणि एका राजाच्या तोंडावर
दुसऱ्यानं हाणलेला आपला ठसा.
लेण्यांत तर व्याजाचा दरसुद्धा कोरलाय,
शेकडा एक, दरमहा.
ठेव ठेवणाऱ्याचं नाव आहे.
ते पैसे ज्यानं वाजवून घेतले असतील,
त्याचं कोण कोरणार?

कसोटीचा दगड हातात घेतला
आणि खाली ठेवला.
भिंग लावून त्याच्याच चिरेत उतरलो.
पांढरं.
तळापर्यंत पांढरं.
त्याचा शब्द मी मानला.

तोवर कौतिकाबाईनं नाणं उलटं केलेलं.
मागच्या बाजूला खुर्चीवर एक बाई,
ताठ बसलेली, हातात काहीतरी उभं धरून.
"ही कोण?"
राजाची आई असेल, पोरगा म्हणाला, किंवा शांतीची देवी.
हातात फांदी आहे.
"फांदी कशाची? झाडणी हाय ती."
तिनं नाणं उजेडाकडं नेलं, डोळे बारीक केले.
"बसलीया बघ कशी. काम आटपून बसल्यावानी."

मी चांदीचा भाव सांगितला. मग, प्रामाणिकपणे,
हौशी माणसं देतात तोही सांगितला.
तिनं बोटांवर हिशेब केला,
एकदा गटारीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.
"ह्ये राजाचं झालं. बाईचं?"
बाईचं वेगळं कसं लावू, मावशी?
एकच नाणं ते.
"मंग ऱ्हाऊ दे."
गाठ पुन्हा बसली, आधीपेक्षा घट्ट.

पायरीवर थांबून तिनं विचारलं,
"टंचाचं किती झालं?"

काही नाही, म्हटलं.
काम माझ्या आधीच झालं होतं.